तरीच!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये नुसताच कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही. आज लिहायला बसायचं निमित्त म्हणजे आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या आठवड्यात आलेली एक चाचणी. दहा प्रश्न. तुमचं टेबल आवरलेलं असतं का? हॉटेलात गेल्यावर नेहमीचंच मागवता की नवीन काही चाखून बघता? झुरळ दिसलं तर काय करता? शेवटी एक बटण. ते दाबलं की आपण राजकारणात कुठल्या बाजूचे ते कळतं म्हणे.

मी कट्टर परंपरावादी निघाले. कारण उघड आहे. मी झुरळाला घाबरते आणि गेली पंचवीस वर्षं हॉटेलात साधा डोसा मागवते. :)

इथपर्यंत गंमत होती. मग एकेकाचे निकाल गटावर यायला लागले आणि त्याखाली एकच शब्द पडायला लागला. "तरीच!" काकांचा निकाल, खाली भाच्याचं "तरीच!" भाच्याचा निकाल, खाली काकांचं "तरीच!!" (काका उद्गारचिन्हांच्या बाबतीत उदार आहेत.) दोन दिवसांत दोघांनी एकमेकांच्या शुभसकाळला उत्तर देणं बंद केलं.

मला या "तरीच"वर लिहायचं आहे. वरवर साधा शब्द आहे. पण मतभेदाच्या वेळी कुणी तो वापरला की त्याचा अर्थ असा होतो, की तू जे म्हणतोस त्याला काही कारणं असतील, ती आपण ऐकून घ्यावीत, याची आता गरज उरली नाही. कारण सापडलं. कारण म्हणजे तुझा स्वभाव. आणि स्वभावाला औषध नाही हे तर आपल्याकडे आजीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा समोरच्याचं मत त्याच्या स्वभावाच्या खात्यात टाकलं, की त्याला पटवायची जबाबदारी संपली. त्याच्याकडून काही पटवून घ्यायची तर त्याहून आधी संपली.

हे मी एवढं ठामपणे लिहितेय कारण हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. नातेवाईकांपैकी जे वाचत असतील त्यांच्यातल्या तिघांना तरी तो प्रसंग आठवत असेल.

२०१३ ची भाऊबीज. आईबरोबर मी मामाकडे गेले होते. २० ऑगस्टला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता. त्याच महिन्यात सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला होता. मी पुण्यातच राहते. तेव्हा मोर्च्यांना जात होते, झोप उडालेली होती. मामाकडे फराळ चालला होता आणि विषय निघाला. मामा म्हणजे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरी देवपूजा रोजची, पण कुठल्या बाबाबुवाच्या पायरीला कधी शिवलेला नाही. तो म्हणाला, "खून वाईटच झाला गं. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण हा कायदा राबवणार कोण? हवालदारच ना? मी तीस वर्षं बघितलंय. भावकीत बांधावरून भांडण लागलं की माणूस हाताला लागेल त्या कलमाखाली तक्रार करतो. उद्या चुलतभावाने चुलतभावाच्या घरात लिंबू सापडलं म्हणून पोलीस आणला, तर?"

आज हा प्रश्न लिहून काढताना मला दिसतं, की प्रश्न चांगला आहे. तेव्हा मला फक्त एक म्हातारा दिसत होता, जो आडवा पडलाय.

मी म्हणाले, "मामा, तुम्हाला मुळात बदलाचीच भीती वाटते. आणि हे मी म्हणत नाही, संशोधन म्हणतं." आणि खिशातून फोन काढला. आदल्याच आठवड्यात एका इंग्रजी संकेतस्थळावर वाचलं होतं. २०१२ साली अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्समध्ये आलेला शोधनिबंध, जुळ्या भावंडांच्या माहितीवर आधारलेला. त्यात म्हटलं होतं की ज्यांची मतं परंपरावादी असतात त्यांच्यात 'सायकोटिसिझम' जास्त आढळतो. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मामीने विचारलं, "म्हणजे काय गं? वेड?"

मी हसले. नाही म्हणाले नाही.

मामाने हातातली चकली परत ताटलीत ठेवली. "मी हवालदाराचं विचारलं होतं," एवढंच म्हणाला आणि पाण्याची मोटर बघायला मागे गेला. त्यानंतर तो माझ्याशी राजकारणावर एक अक्षर बोललेला नाही. गाडी वेळेवर आली का, पाऊस किती झाला, आईचे गुडघे कसे आहेत. बाकी प्रेमात काही कमी नाही. पण ज्या माणसाने मला पाचवीत असताना सातबारा वाचायला शिकवला, त्याने माझ्याशी वाद घालणं सोडलं, हे मला किती लागलं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता त्या निबंधाचं पुढे काय झालं ते ऐका.

पहिली गोष्ट, सायकोटिसिझम म्हणजे वेड नव्हेच. हॅन्स आयझेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वभावाच्या एका पैलूला दिलेलं ते नाव आहे. नियम न जुमानणं, धोका पत्करणं, दुसऱ्याच्या भावनांची फारशी पर्वा न करणं असं ते मिश्रण. नाव फसवं आहे, पण मला तेव्हा ते फसवं असणंच सोयीचं होतं. दुसरी गोष्ट जास्त भारी आहे. २०१६ च्या सुरुवातीला त्याच नियतकालिकात शुद्धिपत्र आलं. संशोधकांनी आकडे भरताना परंपरावादी आणि उदारमतवादी यांचे संकेत उलटे लावले होते. म्हणजे जे जे परंपरावाद्यांबद्दल लिहिलं होतं ते उदारमतवाद्यांना लागू होतं, आणि त्यांचं यांना! चार वर्षं लोक तो निबंध उद्धृत करत होते आणि बहुतेकांना काही खटकलं नव्हतं. का खटकेल? वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तो निकाल आधीपासूनच पाठ होता. माझं तरी तसंच झालं होतं.

शुद्धिपत्राची बातमी मला कुणी पाठवली असेल? मामाच्या मुलाने. खाली एकच शब्द. "तरीच!"

त्याचाही मला राग आला नाही, कारण हत्यार माझंच होतं, त्याने फक्त मूठ फिरवली होती. पण एक गोष्ट आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली होती. त्या निबंधाचं शीर्षकच मुळात सांगतं की संबंध असणं म्हणजे कारण असणं नव्हे. लेखकांचा मुख्य निष्कर्ष असा, की स्वभावामुळे राजकीय मतं घडतात हे गृहीतक त्यांच्या माहितीत टिकत नाही. दोन्हींची मुळं काही प्रमाणात एकाच आनुवंशिक ठिकाणी असू शकतात, इतकंच. आणि तो निष्कर्ष आकड्यांच्या उलटापालटीनंतरही तसाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या निबंधाच्या जोरावर मी मामाला गप्प केलं, तो निबंध सांगत होता की असं करू नका. मी तो वाचलाच नव्हता. बातमी वाचली होती.

बरं, हा एकच अपघात म्हणून सोडून द्यावा, तर तसंही नाही. २००८ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लिंकन शहर, ४६ माणसं. त्यांना चेहऱ्यावर बसलेल्या मोठ्या कोळ्याचा फोटो, अळ्या पडलेल्या जखमेचा फोटो असले प्रकार दाखवले, अचानक मोठा आवाज केला, आणि त्वचेवरचा घाम व पापणीची उघडझाप मोजली. जे जास्त दचकले ते फाशीच्या शिक्षेच्या आणि संरक्षणखर्चाच्या बाजूचे निघाले, जे कमी दचकले ते परदेशी मदतीच्या आणि स्थलांतरितांच्या बाजूचे. हा प्रयोग जगभर गाजला. आमच्या गटावरचं ते झुरळ थेट तिथून चालत आलेलं असावं असा माझा दाट संशय आहे. पुढे दुसऱ्या संशोधकांनी अमेरिकेतच दोनशे माणसांवर तोच प्रयोग पुन्हा केला, जोडीला नेदरलँड्समध्येही त्याच धर्तीचा केला. २०२० साली त्यांनी निकाल छापला: दचकणं आणि मत यांचा तसा संबंध सापडला नाही. छापला 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये, कारण 'सायन्स'ने तो छापायला नकार दिला होता. गाजलेलं ते आपण सगळ्यांनी ऐकलं. हे किती जणांनी ऐकलं?

आता कुणी म्हणेल, म्हणजे स्वभावाचा आणि मताचा काहीच संबंध नाही? तसं मी म्हणत नाहीये. थोडा आहे. नव्या अनुभवांची ओढ असलेली माणसं पाश्चात्त्य देशांत थोडी डावीकडे झुकतात आणि टापटिपीची, नेमस्त माणसं थोडी उजवीकडे, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. पण "थोडी" म्हणजे किती? पहिला संबंध साधारण ०.२ च्या आसपास येतो, दुसरा त्याहूनही कमी. ०.२ चा वर्ग ०.०४. म्हणजे माणसामाणसांतल्या मतांच्या फरकापैकी शंभरातला चार टक्के भाग या एका गुणाने सांगता येतो. उरलेल्या शहाण्णवात घर, जात, शाळा, नोकरी, गाव, अनुभव आणि (धक्का बसेल, पण) विचार हे सगळं येतं. चार टक्क्यांच्या भांडवलावर आपण सख्ख्या नातेवाइकांच्या डोक्याचा पंचनामा करतोय.

आणि हे चार टक्केसुद्धा देश बदलला की दिशा बदलतात. सोव्हिएत काळाच्या अखेरीला रशियात केलेला एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ज्या हुकूमपसंत, रूढीला चिकटून राहणाऱ्या स्वभावाची माणसं साम्यवादाच्या नावाने बोटं मोडतात, त्याच स्वभावाची माणसं तिथे साम्यवादाची कट्टर पाठीराखी निघाली. साहजिक आहे, तिथे तीच रूढी होती. २०१४ साली ५१ देशांची माहिती तपासून झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की ज्यांना सुरक्षितता आणि स्थैर्य हवं असतं ती माणसं संस्कृतीच्या बाबतीत परंपरावादी, पण पैशाच्या बाबतीत बहुतेक वेळा डावीकडे झुकलेली असतात. सरकारने सांभाळावं असं त्यांना वाटतं. मग अशा माणसाला कुठल्या कप्प्यात घालणार?

आमच्याच घरात बघा. माझी आई डब्यांवर तारखा लिहिते, बिलं वर्षवार टाचून ठेवते, नवीन भाजी घरात आणायची तर आधी चार जणींना विचारते. आणि मत आयुष्यभर लाल बावट्याला. आत्या पन्नाशीत पोहायला शिकली, चौसष्टाव्या वर्षी लडाखला जाऊन आली, परदेशात ऑक्टोपस खाऊन त्याचा फोटो गटावर टाकला (मामीने दोन दिवस गट म्यूट केला होता), आणि राजकारणात एवढी सनातनी की काका तिच्यापुढे क्रांतिकारक वाटतात. दोन नातेवाईक म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण दहा प्रश्नांची चाचणी म्हणजे तरी काय असते?

आपल्याकडे तर या बाबतीत आधीच मोठा धडा होऊन गेलाय. जहाल आणि मवाळ. आपण पक्षांना नावंच स्वभावाची दिली! जणू टिळक तापट आणि गोखले शांत, म्हणून काँग्रेस फुटली. पण स्वभावाची ही मोजपट्टी घेऊन टिळकांना मोजायला जा. सरकारशी जहाल, समाजसुधारणेच्या बाबतीत सबुरीचे. गोखले सरकारशी मवाळ, समाजसुधारणेत पुढे. एकाच माणसाची जोखीम घ्यायची वृत्ती सोमवारी असते आणि मंगळवारी नसते का?

आणि आगरकर? टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र. एकत्र शाळा चालवली, १८८१ साली 'केसरी' काढला, कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. ऐन तारुण्यात गलेलठ्ठ पगाराच्या नोकऱ्या नाकारणारी ही दोन्ही माणसं, हट्टीपणात एकमेकांना हार न जाणारी. आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघं समोरासमोर. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचा तो कायदा. टिळकांचा विरोध, आगरकरांचा पाठिंबा.

टिळक घाबरट होते म्हणून विरोध केला? की परंपरेला चिकटायचा त्यांचा पिंडच होता? त्याआधी त्यांनीच सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता, की सोळा वर्षांच्या आत मुलींची लग्नं करू नयेत, हे आपण आपणहून पाळू. त्यांचा मुद्दा असा, की परक्या सरकारला आपल्या घरात कायद्याने शिरू द्यायचं का. माझं मत विचाराल तर टिळक त्यात चुकले. दहा-अकरा वर्षांच्या पोरी जिवानिशी जात असताना समाज आपणहून कधी सुधारतो याची वाट बघणं मला मान्य नाही. मी तेव्हा असते तर 'सुधारक'ची वर्गणीदार झाले असते. पण टिळक *चुकले* असं म्हणायला मला त्यांच्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. ते 'तसलेच' होते असं म्हणायला काहीच करावं लागत नाही. 'केसरी' आणि 'सुधारक'मध्ये उखाळ्यापाखाळ्या काही कमी झाल्या नाहीत. तरी सव्वाशे वर्षांनंतरही आपण तो वाद वाचू शकतो, कारण चिखलाखाली मुद्दा सापडतो. आमच्या गटावरचा वाद सव्वाशे वर्षांनी कुणी उघडला तर त्याला फक्त झुरळ सापडेल.

हे सगळं वाचता वाचता माझ्या डोक्यात उशिरा का होईना उजेड पडला. मामाचा हवालदाराचा प्रश्न हा टिळकांच्याच घराण्यातला प्रश्न आहे. सरकारने समाजात किती हात घालावा? प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांचं २०१८ सालचं एक पुस्तक आहे, 'आयडिऑलॉजी अँड आयडेंटिटी'. भारतात विचारसरणी नसते, नुसती जात आणि पैसा चालतो, हा समज ते खोडून काढतात. त्यांच्या मते आपल्याकडे मतं दोन प्रश्नांवर विभागली जातात. सरकारने समाजाच्या रीतीभातींत किती ढवळाढवळ करावी हा एक, आणि मागे ठेवल्या गेलेल्या समूहांसाठी सरकारने खास तरतूद करावी का हा दुसरा. म्हणजे मामा फराळाच्या ताटलीपुढे बसून भारतीय राजकारणातल्या दोन मोठ्या प्रश्नांपैकी एक विचारत होता. आणि मी त्याला अमेरिकेतल्या जुळ्यांचं उत्तर दिलं. तेही उलटं छापलेलं.

सगळ्यात वाईट काय, तर उत्तर होतं! २०१३ च्या डिसेंबरात विधिमंडळाने जो कायदा मंजूर केला तो मी मध्यंतरी पहिल्यांदा नीट वाचला. (ज्या कायद्यासाठी मी मोर्च्यात घसा फोडला तो मी वाचला नव्हता, हेही इथे कबूल करून टाकते.) कोणकोणत्या गोष्टी गुन्हा, त्याची यादी अनुसूचीत दिलेली आहे. नुसतं लिंबू त्यात कुठेही नाही. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना कायदा लागू नाही असं वेगळं कलम आहे. आणि दक्षता अधिकारी म्हणून नेमायचा माणूस पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखालचा नसावा असं स्पष्ट लिहिलंय. मामासारख्या, कागदावर विश्वास असलेल्या माणसापुढे हा कागद ठेवला असता तर? कदाचित पटला असता. कदाचित नसता. पण त्याने ती चकली तरी संपवली असती.

कायदा योग्यच होता असं माझं आजही मत आहे. त्यात तसूभर फरक पडलेला नाही, हे काही मंडळींच्या माहितीसाठी. :)

रविवारी मामाला फोन केला. आता तो एकोणऐंशीचा आहे, ऐकू जरा कमी येतं. म्हटलं, मामा, ते भाऊबीजेला मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना, ते उलटं छापलं होतं. आणि तसंही मी ते बोलायला नको होतं.

"कुठलं गं?"

सांगितलं. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "ते असू दे. हवालदाराचं काय झालं?"

मी कलम वाचून दाखवलं. निरीक्षकापेक्षा खालचा नाही.

"सही निरीक्षकाची असते," मामा म्हणाला. "घरी येतो तो हवालदारच. आणि अनुसूची म्हणतेस, ती वाढवायचा अधिकार कुणाला दिलाय?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग येताना छापून आण सगळा. अक्षरं मोठी ठेव, माझा नंबर वाढलाय."